वाचकांचे प्रश्न : रेडिओ सिटीच्या भिंतीवरची तीन वर्तुळं

प्रश्न : उन्हाळ्यात मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. न्यू यॉर्कमध्ये रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या बाजूच्या भिंतीवर, पन्नासाव्या रस्त्याच्या अंगाला, धातूची तीन प्रचंड वर्तुळं पाहिली. गाइडने सांगितलं, ही हिल्ड्रेथ मीएर या चित्रकर्तीची. लगेच पुढे म्हणाला, प्रत्यक्ष काम मात्र धातूच्या एका कारागिराने केलं. मग बाईंनी केलं काय, आणि नाव त्यांचं कसं? — एक वाचक, सांगली

उत्तर : हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. मी मोझॅकची, म्हणजे काचेचे रंगीत तुकडे जडवून केलेली, भित्तिचित्रं करते. काम पुरं झालं की बघायला आलेली माणसं भिंतीला हात लावून आधी हेच विचारतात, "एवढे सगळे तुकडे तुम्ही एकट्यांनी लावले?" नाही लावत. काच कापणारे वेगळे, गवंडी वेगळे, परांची बांधणारे वेगळे. तरी भिंतीवर काय दिसणार, कुठून दिसणार, कशात दिसणार हे ठरवणारं एक डोकं लागतं. मीएर यांच्यासारखं डोकं या बाबतीत त्यांच्या काळात अमेरिकेत फार थोड्यांना होतं, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही पाहिलेली वर्तुळं 1932 सालची. नृत्य, नाट्य आणि गान. प्रत्येकाचा व्यास 18 फूट, म्हणजे दीड मजला सहज. तांबं, अॅल्युमिनियम, स्टील असे वेगवेगळे धातू त्यात आहेत आणि रंगाच्या जागी मीनाकाम आहे. मीनाकाम म्हणजे काचेची रंगीत पूड धातूवर पसरून भट्टीत वितळवायची. हा रंग वरून फासलेला नसल्यामुळे ऊनपावसात टिकतो. धातूचं काम ऑस्कर बाख यांनी केलं, आणि ते नावाजलेले कारागीर होते. गाइडने त्यांची आठवण काढली हे चांगलंच झालं.

आता त्या नाट्याच्या वर्तुळाकडे पुन्हा मनाने पाहा. हातात मुखवटे आहेत. चेहऱ्यावर बारकावे जवळपास नाहीत. सावली दाखवायला रंगाची छटा नाही, एका पातळीवर दुसरी पातळी ठेवलेली आहे. कापड आणि अंग वेगळं दिसावं म्हणून धातूच बदललेला आहे. पादचारी खालून, मान वर करून, चालता चालता बघणार हे धरून ही आकृती काढलेली आहे. कागदावर सुंदर दिसणारं चित्र मोठं करून भिंतीवर डकवलं, की ते हटकून फसतं. इथे चित्र पहिल्या रेषेपासून धातूचंच आहे. कारागिराच्या हाती येण्याआधी हे सगळं ठरलेलं असतं. हे ठरवणाऱ्याचं नाव लागतं.

मीएर यांचा जन्म 1892 चा, न्यू यॉर्कचा. तरुणपणी फ्लॉरेन्सला जाऊन त्यांनी तिथली भित्तिचित्रं पाहिली आणि मोठ्या भिंतीशिवाय आपलं समाधान होणार नाही हे त्यांना कळून चुकलं. पण भिंत देतो कोण? आधी त्यांनी रंगभूमीसाठी वेशभूषेची रेखाटनं केली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन नौदलात ड्राफ्ट्समन म्हणून, म्हणजे नकाशे-आराखडे काढायचं, काम केलं. मग बर्ट्राम गुडह्यू या वास्तुकाराने वॉशिंग्टनच्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या इमारतीतला घुमट त्यांच्या हाती दिला. इमारत 1924 ला खुली झाली. घुमटाच्या मध्यभागी सूर्य, भोवती विज्ञानाच्या शाखा, आणि चार कोपऱ्यांत पृथ्वी, आप, तेज, वायू. आपल्या पंचमहाभूतांतलं आकाश तेवढं इथे नाही. खरं मोझॅक परवडण्याजोगं नव्हतं, म्हणून आवाज शोषून घेणाऱ्या टाइलवर उठाव देऊन, सोनेरी वर्ख लावून त्यांनी मोझॅकसारखं दिसणारं चित्र रंगवलं.

त्याच गुडह्यूंनी त्यांना नेब्रास्का राज्याच्या विधानभवनावर नेलं, लिंकन शहरात. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हे. न्यू यॉर्कला गेलेले लोक रेडिओ सिटी पाहून परत येतात आणि नेब्रास्काला कुणी फिरकत नाही, याची मला हळहळ वाटते. 1924 मध्ये गुडह्यू अचानक वारले, पण काम थांबलं नाही. विषयांची आखणी हार्टली बर अलेक्झांडर या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने करून दिली होती: या मैदानी मुलखातली माती, पाणी, पिकं, जनावरं आणि माणसं. मीएर यांनी ती घुमटांच्या सिरॅमिक टाइलमध्ये आणि संगमरवरी जमिनीत आणली. मधला घुमट जमिनीपासून 112 फूट उंच. त्यात आठ सद्गुण पंख पसरून गोलाकार उभे आहेत. आकृत्या इतक्या ठळक आणि सपाट, की खालून एकही हरवत नाही.

जमिनीचं गणित मात्र उलटं. ती पायाखाली, पाच-साडेपाच फुटांवरून दिसते, तेव्हा तिथे बारकावा चालतो, नव्हे तो हवाच. काळ्या-पांढऱ्या संगमरवरात मधोमध भूमाता आहे. भोवतीच्या पट्ट्यात त्या प्रदेशात एके काळी वावरणारे आणि आता फक्त जीवाश्मांत सापडणारे प्राणी आहेत, मॅमथसुद्धा. त्यासाठी विद्यापीठातल्या जीवाश्मतज्ज्ञाच्या रेखाटनांचा आधार घेतला होता. एकाच खोलीत वर एक भाषा, खाली दुसरी, आणि दोन्ही एकाच हातच्या वाटतात. या कामासाठी 1928 मध्ये आर्किटेक्चरल लीग ऑफ न्यू यॉर्कचं सुवर्णपदक त्यांना मिळालं.

प्रश्न : न्यू यॉर्कच्या 'वन वॉल स्ट्रीट' या इमारतीतल्या, मीएर यांनीच केलेल्या लाल दालनाबद्दल वाचलं. मोझॅक बर्लिनमध्ये तयार झालं म्हणे. भिंत एका देशात आणि चित्र दुसऱ्या देशात, हे जमतं कसं? — एक वाचक, पुणे

उत्तर : जमतं, आणि आजही बरंचसं काम असंच होतं. मी स्वतः असंच करते.

आधी पूर्ण मापाचं रेखाटन करायचं. 20 फुटांची भिंत तर 20 फुटांचा कागद. मग ते उलटं करायचं, आरशात दिसतं तसं. त्या उलट्या चित्रावर काचेचे तुकडे पालथे चिकटवत जायचं, म्हणजे जी बाजू पुढे दिसणार ती कागदाला. खळ पाण्यात विरघळणारी हवी. सगळं भरलं की कागदाचे हातात मावतील असे भाग कापायचे आणि प्रत्येकावर मागून नंबर टाकायचा. नंबर धड नसेल तर साइटवर अख्खा दिवस जातो. भाग पेटीत भरून पाठवायचे. भिंतीवर गवंडी ओला मसाला लावतो, भाग त्यात दाबून बसवतो, कागद बाहेरच्या बाजूला. मसाला धरला की ओल्या स्पंजने कागद भिजवून सोलून काढायचा. तेव्हा कुठे चित्र सुलटं, पहिल्यांदा दिसतं. तोवर बनवणाऱ्याने त्याची पाठच पाहिलेली असते! त्यामुळे रंगांचा हिशेब आधीच डोक्यात पक्का लागतो.

लाल दालनाचा कस इथेच लागतो. हे आयर्व्हिंग ट्रस्ट या बँकेचं स्वागतकक्ष, 1931 चं, वास्तुकार राल्फ वॉकर. तिथे माणसं नाहीत, देवदूत नाहीत, गोष्टच नाही. खाली गडद लाल, वर जाता जाता तो उजळत नारिंगीकडे झुकतो, आणि सगळीकडून सोनेरी रेषांचं जाळं धावतं. आकृती असती तर रंगातली थोडी चूक तिच्याआड लपते. इथे लपायला जागा नाही. लालाची एक पायरी चुकली तर भिंतीवर पट्टा उमटणार. काच बर्लिनच्या पुह्ल अँड वॅग्नर या कारखान्याची. त्यांच्याकडे छटांचा साठा मोठा होता. 2024 साली न्यू यॉर्क शहराने या दालनाला संरक्षित अंतर्भागाचा दर्जा दिला. पण ते कुणाच्या हातचं आहे हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

प्रश्न : मुलगी बारावी झाली. चित्रकला उत्तम आहे. तिला म्युरलचं काम करायचं आहे. हात चांगला आहे, एवढं पुरेल का? — एक आई, नागपूर

उत्तर : ताई, हात चांगला असणं ही सुरुवात झाली. तिला वास्तुकाराचा नकाशा वाचता आला पाहिजे. मीएर यांना नौदलातल्या ड्राफ्टिंगचा पुढे किती उपयोग झाला असेल, हे मला माझ्या कामावरून कळतं. घुमटाच्या वक्र पृष्ठभागावर आकृती बसवायला मोजमापच लागतं. तिला सुट्टीत गवंड्याबरोबर, टाइलवाल्याबरोबर, जमलं तर कुंभाराच्या भट्टीवर पाठवा. कोणता माल भिंतीवर कसा वागतो हे वर्गात बसून कळत नाही.

दुसरं म्हणजे, दुसऱ्याचा विषय आपला करता आला पाहिजे. मीएर कॅथलिक होत्या. न्यू यॉर्कमध्ये त्यांनी सेंट बार्थोलोम्यू या एपिस्कोपल, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाच्या, चर्चचं मोझॅक केलं आणि त्याच सुमारास टेंपल इमॅन्युएल या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचंही. पहिल्या ठिकाणी येशूचं रूपांतरण, म्हणजे त्याचं तेजोमय रूप प्रकट होणं, मानवाकृतींसह. दुसऱ्या ठिकाणी नक्षी आणि धर्मचिन्हं. दोन्हीकडे आधी त्या लोकांची श्रद्धा समजून घेतली, मग पेन्सिल उचलली, असं ते काम पाहून वाटतं.

आणि पैशाचं विचारलं नाहीत, तरी सांगते: काम मिळवणं हेही कामच आहे. त्यांनी जवळपास शंभर कामं केली, तीही वास्तुकार, बँका, चर्च, सरकार यांच्या समित्यांपुढे बसून. त्या समित्यांत सगळे पुरुष. 1956 मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं ललितकला पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. 1961 मध्ये त्या गेल्या. मुलीला बैठकीत आपलं म्हणणं मांडायची, मोजमाप आणि खर्च लिहून द्यायची सवय आत्तापासून लावा.

प्रश्न : यंदा अमेरिकेला जाणार आहोत. दोनच ठिकाणं बघता येतील. कोणती? — एक वाचक, मडगाव

उत्तर : न्यू यॉर्कला असाल तर रेडिओ सिटीची वर्तुळं आणि सेंट बार्थोलोम्यू चर्च. दोन्ही चालत जाण्याजोग्या अंतरावर आहेत. वर्तुळं समोरच्या फुटपाथवरून पाहा, भिंतीखाली उभं राहून काही दिसत नाही. चर्चमध्ये मात्र थोडा वेळ बसा. डोळे अंधाराला सरावले की वेदीमागचं सोनं उजळायला लागतं. जोडून दोन दिवस काढता आले तर लिंकनला जा, आणि दुर्बीण बरोबर ठेवा.