बेळगावात टिळकवाडीला फ्लॅटमध्ये राहतो, लेकीला छोटं कासव हवंय. कोणतं घ्यावं?

आधी एक नाव कायमचं बाजूला ठेवा: पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं तारा कासव. कुणी गुपचूप आणून देतो म्हणाला तरी नको. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे आणि गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. आपल्याकडच्या तळ्या-विहिरींत सापडणारी कासवंसुद्धा घरी आणायची नाहीत. वास्तूला शुभ म्हणून जिवंत कासव ठेवणारे आहेत, पण त्या नादात जंगलातला जीव पिशवीत भरला जातो. मला ते सहन होत नाही.

दुसरं, मत्स्यालयाच्या दुकानातलं डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू. मुलं हट्ट धरतात ती यासाठीच. पण ते मूळचं अमेरिकेतलं, पाण्यात राहणारं, आणि वाढून 25-30 सेंटिमीटर होतं. शहापूरच्या आमच्या मावशींकडे असं एक आहे. काचेच्या टाकीत ते आता धड वळूही शकत नाही, पाणी दोन दिवसांत वास मारतं. कंटाळून लोक अशी कासवं किल्ला तलावात सोडायला निघतात. कृपा करून कुणीही सोडू नका, इथल्या कासवांचं खाणं आणि ऊन शेकायची जागा ती बळकावतात.

मग उरतं काय? जमिनीवर राहणारी, लहानच राहणारी दोन: हर्मन आणि रशियन. दोन्ही साधारण 15-20 सेंटिमीटरची. मी बेळगावसाठी हर्मन सुचवेन. रशियन कासव मध्य आशियातल्या कोरड्या माळरानाचं, आपला जुलै-ऑगस्टचा गारठा आणि ओल त्याच्या फुप्फुसाला बाधते. हर्मनलाही ओलसर थंडीत ठेवून चालत नाहीच, पण ते थोडं जास्त सोसतं. पाळीव पैदाशीचंच घ्या, विक्रेत्याकडून कागद मागा आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करा. कागद नाहीत म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा.

सगळं अडतं ते उजेडावर. खिडकीची काच उन्हातली कासवाला लागणारी अतिनील किरणं (यूव्हीबी) अडवते, त्यामुळे काचेआड ऊन दिसलं तरी कासवाला उपयोग शून्य, आणि कवच मऊ पडतं. म्हणून अतिनील किरणांची खास ट्यूब हवीच, आणि ती पेटत असली तरी वर्षाच्या आत बदलायची. शेकायच्या कोपऱ्यात दिवा लावून 32-35 अंश ऊब ठेवा, दुसरा कोपरा थंड. पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा याच दिव्यांवर त्याचं सगळं चालतं. काचेच्या टाकीऐवजी सुताराकडून चार बाय दोन फुटांची, वरून उघडी लाकडी पेटी करून घ्या, आणखी मोठी जमली तर उत्तमच.

खायला हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला. काकडी-टोमॅटोवर पोसू नका, फळं तर नकोतच. पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेन (कटलफिशचं कॅल्शियमयुक्त कवच) मिळतो, तो पेटीत ठेवला की कासव हवं तेव्हा कुरतडतं.

लेकीला हे मात्र आधीच सांगा: हात लावला की साबणाने हात धुवायचे, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. आणि ते पन्नास वर्षं जगू शकतं. ती शिकायला पुण्याला गेली तरी कासव तुमच्याच घरी असणार, तेव्हा घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का बघा.

गॅलरी कुठल्या दिशेला आहे आणि सकाळचं ऊन किती वेळ येतं ते कळवा, म्हणजे पेटी कुठं मांडायची ते सांगता येईल.