टेनिसमधले गाजलेले डावखुरे खेळाडू कोण, आणि डाव्या हाताचा खरंच फायदा होतो का?

नुसती नावं हवी असतील तर रॉड लेव्हर, जिमी कॉनर्स, जॉन मॅकेन्रो, गिलेर्मो विलास, मार्टिना नवरातिलोवा, मोनिका सेलेस, थॉमस मुस्टर, गोरान इव्हानिसेविच, राफेल नदाल, पेत्रा क्वितोवा, अँजेलिक केर्बर, एवढी पुरेत. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त मजेचा आहे, म्हणून आधी तो घेतो. फायदा होतो, यात वादच नाही. किती होतो, हे मात्र डावखुऱ्याच्या हातापेक्षा समोरच्याच्या बॅकहँडवर (रॅकेटच्या हाताच्या विरुद्ध बाजूला मारायचा फटका; हाताच्याच बाजूचा तो फोरहँड) ठरतं, असं माझं मत आहे.

सर्व्हिसची बाजू दर पॉइंटला बदलते, पहिला पॉइंट उजवीकडून, दुसरा डावीकडून. ३०-४०, ४०-३० आणि ॲडव्हांटेज (४०-४० नंतरची एका पॉइंटची आघाडी), म्हणजे गेम जातो किंवा हातात येतो ते बरेचसे पॉइंट डावीकडून खेळले जातात. (१५-४० आणि ४०-१५ हे अपवाद.) आता डावखुऱ्याने डावीकडून स्लाइस (चेंडूला बाजूने फिरकी देणारी) सर्व्हिस केली की चेंडू टप्पा पडल्यावर समोरच्याच्या डाव्या हाताला बाहेर पळतो. समोरचा उजव्या हाताचा असेल तर तो बॅकहँडसाठी कोर्टाबाहेर ओढला जातो आणि मागे अख्खं कोर्ट रिकामं पडतं. उजव्या हाताच्या खेळाडूकडेही डावखुऱ्याविरुद्ध अगदी असाच फटका असतो, पण तो उजवीकडून. म्हणजे ०-०, १५-१५, ड्यूस (४०-४०) अशा वेळी. शस्त्र दोघांकडे सारखंच, पण डावखुऱ्याचं ऐन मोक्याला बाहेर निघतं.

मी स्वतः उजव्या हाताने खेळणारा हौशी खेळाडू. आमच्यात एक डावखुरा आहे, वेग बेताचाच. तरी त्याची ती सर्व्हिस घेताना पाय सवयीने नेहमीच्या जागी उभे राहतात, चेंडू आवाक्यात आला असं वाटतं, रॅकेट मागे जाते, आणि तेवढ्यात चेंडू आणखी हातभर बाहेर सरकलेला असतो. डोळ्यांना सवयच नसते, कारण एरवी समोर येणारे बहुतेक जण उजव्या हाताचेच. डावखुऱ्याला मात्र लहानपणापासून उजव्यांशीच खेळायची सवय असते. फायद्याचं हे दुसरं कारण. कितीही समजून घेतलं तरी सरावाशिवाय त्यावर इलाज नाही.

ही सर्व्हिस कलेच्या पातळीला नेऊन ठेवली मॅकेन्रोने. जवळजवळ नेटकडे पाठ करून तो उभा राहायचा, दोन्ही पाय बेसलाइनला समांतर, मग अंग पुढे झोकून चेंडू असा काही फिरवायचा की परतवणारा प्रेक्षकांकडे धावायचा आणि हा निवांतपणे नेटवर येऊन व्हॉली (टप्पा पडण्याआधीचा फटका) मारायचा. १९८४ साली त्याने ८२ सामने जिंकले, हरला फक्त तीन. त्या तीनपैकी एक हार मात्र त्याला जन्मभर सलत राहिली असणार. फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत पहिले दोन सेट जिंकूनही तो इव्हान लेंडलकडून हरला होता.

इव्हानिसेविचचा मामला वेगळा. त्याच्याकडे स्लाइस होताच, पण खरं बळ होतं तुफान वेगात. १९९२, १९९४ आणि १९९८ अशा तीन विम्बल्डन अंतिम फेऱ्या हरल्यावर २००१ मध्ये तो क्रमवारीत १२५व्या स्थानी होता, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर आत आला होता. पॅट राफ्टरविरुद्ध पाचव्या सेटमध्ये ८-७ अशा आघाडीवर विजेतेपदाच्या पहिल्या दोन्ही पॉइंटना त्याने डबल फॉल्ट केले, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवल्या. चौथ्या संधीला काम झालं, ९-७. मोक्याच्या बाजूचा फायदा कितीही असो, हात थरथरायला लागला की तो कुठे जातो कोण जाणे.

आता नदाल. गंमत म्हणजे हा गडी लिहितो उजव्या हाताने, गोल्फही उजव्या हाताने खेळतो. लहानपणी दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी फटके मारायचा, पुढे टेनिसपुरता डावखुरा झाला. काका टोनी नदाल यांनी फायद्यासाठी मुद्दाम त्याला डावखुरा केलं, ही गोष्ट फार फिरते. टोनींनी ती नाकारली आहे. पोराचा डाव्या बाजूला जोर जास्त दिसला म्हणून तो डावखुराच असेल असं वाटलं, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्याचा कोर्टाच्या तिरक्या रेषेत जाणारा टॉपस्पिन (चेंडूला पुढे गरगर फिरवणारा) फोरहँड थेट उजव्या खेळाडूच्या बॅकहँडवर पडतो, आणि लाल मातीवर खांद्याच्या वर उसळतो. एकहाती बॅकहँडवाल्याला खांद्याच्या उंचीवरचा चेंडू दाबून मारणं फार कठीण. फेडररची हीच अडचण झाली. फ्रेंच ओपनमध्ये दोघं सहा वेळा भेटले, सहाही वेळा नदाल जिंकला. २००८ ची अंतिम फेरी तर ६-१, ६-३, ६-० अशी संपली. एकूण हिशेब नदालकडे २४-१६. फेडररने २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत त्याला हरवलं, ते मोठ्या डोक्याची रॅकेट घेऊन आणि चेंडू वर चढण्याआधीच बॅकहँड मारून.

याउलट जोकोविच. दोन्ही हातांचा बॅकहँड, त्यामुळे उंच चेंडूचा त्याला तेवढा त्रास नाही. त्यांच्यातला हिशेब ३१-२९, जोकोविचच्या बाजूने. आणि नदाल फ्रेंच ओपनमध्ये ११६ पैकी जे चार सामने हरला ते बघा: २००९ मध्ये सोडरलिंग, २०१५ आणि २०२१ मध्ये जोकोविच, २०२४ मध्ये झ्वेरेव्ह. तिघांचाही बॅकहँड दुहाती, आणि सोडरलिंग नि झ्वेरेव्ह तर चांगलेच उंच. मी समोरच्याच्या बॅकहँडवर ठरतं म्हणालो ते यामुळे. अर्थात नदालच्या १४ फ्रेंच विजेतेपदांचं श्रेय फक्त डाव्या हाताला देणं म्हणजे त्याच्या पायांवर अन्याय. डावखुरे पुष्कळ झाले, असा धावणारा मला तरी दुसरा दिसला नाही.

जुन्यांमध्ये लेव्हरला तोड नाही. एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन, यूएस) एकेरीत दोनदा जिंकणारा तो एकमेव, १९६२ आणि १९६९. मधली पाच वर्षं व्यावसायिक झाल्यामुळे त्याला या स्पर्धा बंद होत्या (तेव्हा त्या फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या), हे धरलं तर एकेरीतल्या ११ ग्रँड स्लॅम विजेतेपदांचा त्याचा आकडा फसवा आहे. १९६९ ला विम्बल्डनची महिला विजेती ॲन जोन्सही डावखुरीच. आणखी एक मजा सांगतो. एकेरीत वर्षाच्या चारही स्पर्धा जिंकलेले खेळाडू फक्त पाच: डॉन बज, मॉरीन कॉनोली, लेव्हर, मार्गारेट कोर्ट आणि स्टेफी ग्राफ. यातल्या कॉनोली आणि कोर्ट दोघी जन्माने डावखुऱ्या, पण खेळल्या उजव्या हाताने. केन रोजवॉलचंही तेच. त्या काळात डाव्या हाताच्या मुलांना सर्रास उजवीकडे वळवलं जाई. म्हणून जुन्या काळातल्या डावखुऱ्यांची संख्या मोजून निष्कर्ष काढायला जाऊ नये.

बायकांमध्ये माझी पसंती नवरातिलोवा. विम्बल्डन एकेरी नऊ वेळा, त्यात १९८२ ते १९८७ सलग सहा. डावीकडून बाहेर जाणारी सर्व्हिस आणि मागोमाग नेटवर धाव, साधा हिशेब. ख्रिस एव्हर्टशी ती ८० सामने खेळली, ४३ जिंकली, ३७ हरली. फरक फार नाही, आणि एव्हर्टचा बॅकहँड दुहाती होता हे लक्षात घ्या. सेलेस दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी खेळायची, तिचे कोन भलतेच तिरके. एकोणीस वर्षांची असतानाच तिच्याकडे आठ ग्रँड स्लॅम होती. एप्रिल १९९३ मध्ये हॅम्बर्गला सामना चालू असताना एका माणसाने तिच्या पाठीत सुरा खुपसला. त्यानंतर तिला आणखी एकच मिळालं, १९९६ चं ऑस्ट्रेलियन ओपन. क्वितोवावर डिसेंबर २०१६ मध्ये घरात हल्ला झाला तो तर नेमका डाव्या हातावर. पुढच्या फ्रेंच ओपनला ती परत कोर्टवर होती, आणि २०१९ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत.

दुहेरीत डावा-उजवा जोडीला मागणी असते. ब्रायन जुळ्यांमध्ये बॉब डावखुरा, माइक उजवा. वुडब्रिज-वुडफर्डमध्ये वुडफर्ड डावखुरा. एका गेमला सर्व्हिस एका पद्धतीने वळते, दुसऱ्या गेमला उलट, त्यामुळे परतवणाऱ्यांची घडी बसत नाही. शिवाय कोण कुठल्या टोकाकडून सर्व्हिस करणार हे ठरवून डोळ्यांवर येणारं ऊनही चुकवता येतं. आणि तरीही नवरातिलोवाने पन्नाशीला महिनाभर कमी असताना, २००६ च्या यूएस ओपनमध्ये मिश्र दुहेरी जिंकली ती याच बॉब ब्रायनबरोबर. दोघंही डावखुरे!

राहता राहिला एक प्रश्न, दोन डावखुरे एकेरीत समोरासमोर आले तर काय होतं. दोघांचीही पंचाईत होते. तिरका फोरहँड आता समोरच्याच्या फोरहँडवर जातो, डावीकडची बाहेर जाणारी सर्व्हिसही त्याच्या फोरहँडवरच जाते, आणि डावखुऱ्याला परतवायचा सराव डावखुऱ्यांनाही नसतो. २००९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी, नदाल विरुद्ध व्हेर्दास्को, मिळाली तर अवश्य बघा. पाच सेट, पाच तास चौदा मिनिटं. तेव्हा नदाल जिंकला. सात वर्षांनी त्याच स्पर्धेत पहिल्याच फेरीत व्हेर्दास्कोने त्याला घरी पाठवलं.