रँचवर पाठवताय? आधी फोनचं विचारा

पंधरा-सोळा वर्षांचं पोर हाताबाहेर गेलं की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत पूर्वी ठरलेला तोडगा निघायचा: सांगलीला आजोबांकडे पाठवा, नाहीतर पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये टाका. आता त्यात रँचची भर पडली आहे. मोंटाना, यूटा, ॲरिझोना अशा पश्चिमेकडच्या राज्यांतली ही निवासी केंद्रं. मुलांनी तिथे कित्येक महिने राहायचं, घोड्यांची निगा राखायची, तिथेच शिकायचं, थेरपी घ्यायची. ‘पाठवावं का?’ असं मला इतके पालक विचारतात की एका घराचीच हकीकत सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ईशान दहावीत. शाळेला दांड्या, रात्री दोन-अडीचला घरी येणं, क्रिकेटच्या पॅडमध्ये लपवलेलं वेप, म्हणजे ई-सिगारेट. वडिलांनी रागाच्या भरात त्याच्या खोलीचं दार बिजागरीतून काढून गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं, त्याने भिंतीला लाथ मारून भगदाड पाडलं. माझ्याकडे समुपदेशनासाठी आई-वडील आले तेव्हा वडिलांच्या हातात एका रँचचं ब्रोशर होतं. मावळतीचा सूर्य, घोडा आणि त्याच्या मानेला बिलगलेला हसरा मुलगा. पैसे घेऊन शाळा सुचवणाऱ्या एका सल्लागाराने हे नाव दिलं होतं. महिन्याला अकरा हजार डॉलर, विम्याचा पत्ता नाही. घरावर कर्ज काढायची त्यांची तयारी होती.

“ताई, मोकळी हवा, घोडे, हातात मोबाइल नाही. यात वाईट काय आहे?” आईंनी विचारलं.

घोड्यांत वाईट काहीच नाही. तुम्ही आवाज चढवलात की घोडा कान मागे घेतो, बाजूला सरकतो. एरवी व्याख्यानं ऐकून कान किटलेल्या मुलाला आपला राग तिथे कुणी न सांगता दिसतो. जाणता थेरपिस्ट सोबत असेल तर याचा चांगला उपयोग होतो. पण त्यासाठी दोन हजार मैल जावं लागत नाही. घराजवळच्या तबेल्यात आठवड्याला तासभरही जाता येतं. म्हणून रँचची चौकशी करताना मी घोड्यांचं विचारतच नाही, फोनचं विचारते.

माझ्यासमोरच रँचला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडच्या बाई फार गोड बोलत होत्या. वडिलांनी गणिताच्या क्रेडिटचं विचारलं, आईंनी शाकाहारी जेवणाचं. मग मी विचारलं, मुलगा घरी फोन कधी करू शकेल? पहिले सहा आठवडे फक्त पत्रं, ती थेरपिस्ट आधी वाचणार. नंतर पंधरवड्याला एक फोन, तोही थेरपिस्ट शेजारी बसलेला असताना. “मुलं रडतात, काहीबाही रचून सांगतात, घरी न्या म्हणतात. तुम्ही विरघळू नका.” आणि तो यायलाच तयार नसेल तर? तीही सोय होती, वेगळे पैसे भरून: पहाटे चारला दोन माणसं येतील, पालकांनी मुलाला उठवून खोलीबाहेर जायचं.

“म्हणजे उचलून नेणार?” आईंनी मराठीत विचारलं. पलीकडे अर्थातच कळलं नाही.

मुलाची तक्रार खोटीच असणार, हे पालकांच्या मनात आधीच भरवून ठेवलं की खरी तक्रारही वाया जाते. ही माझी कल्पना नव्हे. अमेरिकी काँग्रेससाठी चौकशी करणाऱ्या जीएओने 2007 मध्ये अशा निवासी कार्यक्रमांतल्या छळाच्या हजारो आरोपांची नोंद घेतली आणि मुलांच्या मृत्यूची दहा प्रकरणं तपासली. यूटाने 2021 मध्ये कायदा कडक केला; टीव्हीमुळे प्रसिद्ध झालेल्या पॅरिस हिल्टनने किशोरवयात तिथल्या केंद्रात स्वतः भोगलेलं विधिमंडळासमोर सांगितलं होतं. त्या कायद्याने मुलाला दर आठवड्याला घरच्यांशी खासगीत बोलू देणं बंधनकारक झालं. पण तो यूटापुरता. 2024 च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कॅम्पमध्ये बारा वर्षांचा मुलगा आल्यावर चोवीस तासांच्या आत दगावला, पुढे त्या कॅम्पचा परवाना गेला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेच्या केंद्र सरकारचाही कायदा आला, पण त्याचा भर अभ्यास आणि शिफारशींवर आहे. तुमच्या मुलाच्या हातात फोन त्याने येत नाही.

सगळी केंद्रं अशी नसतात. जिवाला धोका असेल, व्यसन घरी राहून आटोक्यात येण्यापलीकडे गेलं असेल, तर निवासी उपचारांचा सल्ला मीही देते. मात्र केंद्र गाडीने गाठता येईल इतक्या अंतरावर हवं, मानसोपचारतज्ज्ञ तिथे नेमाने मुलाला तपासणारा हवा, न कळवता भेटायला जाता यायला हवं. राज्याचे तपासणी अहवाल पालकांनी स्वतः वाचावेत. आरोग्यसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या जॉइंट कमिशनची मान्यता असली तर बरंच, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. आणि सल्लागाराला तोंडावर विचारावं, या केंद्राकडून तुम्हाला काही मिळतं का?

ईशानची रीतसर तपासणी तोवर झालीच नव्हती. ती केली तेव्हा नैराश्य निघालं, आणि वेपमध्ये नुसतं निकोटीन नव्हतं, गांजाचा अर्कही होता. शाळेनंतर आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी तीन तासांचा उपचार सुरू झाला. राहायला घरीच, खर्च बहुतांश विम्यातून. न्यू जर्सीत मुलांसाठी सरकारी मोबाइल रिस्पॉन्स सेवा आहे. दिवसा-रात्री केव्हाही फोन करा, साधारण तासाभरात प्रशिक्षित माणूस घरी येतो, पोलिसांशिवाय. आपल्या लोकांना ती ठाऊकच नसते. या घराने ती एकदा वापरली, बाप-लेक हातघाईवर आले त्या रात्री. आलेल्या बाईंनी आधी वडिलांना अंगणात नेऊन बसवलं, मग मुलाशी बोलल्या. ईशानची एक अट होती, दार परत बसवा. वडिलांना ती मानायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत माझी निम्मी सेशन्स त्यांच्याबरोबरच झाली.

आता तो अकरावीत आहे. शाळेत जातो, गणितात नापास झाला, समर स्कूल केलं. वेप सोडलंय म्हणतो. आईंचा विश्वास आहे, माझा अजून पुरता नाही, म्हणून महिन्याला लघवीची तपासणी चालू ठेवली आहे, त्याला सांगून आणि त्याच्या संमतीने.