‘थोड्या वेळाने फोन लावून देते’

प्रिय सिस्टर,

एप्रिल 2021 मधली तुझी कोविड वॉर्डातली ती नाइट तू पत्रात लिहिली आहेस. एका काकांना मुलीशी बोलायचं होतं. ‘थोड्या वेळाने फोन लावून देते’ म्हणालीस, कारण शेजारच्या बेडवर सॅच्युरेशन घसरत होतं. परत आलीस तोवर काका गेले होते. आता वॉर्ड बदललाय, तरी मॉनिटरचा अलार्म वाजला की हाताला घाम सुटतो, घरी लेकावर ओरडतेस, झोपेच्या गोळ्या मनानेच घेतेस. नवरा म्हणतो, ‘इतकी वर्षं झाली, सोड ना आता.’ तू विचारतेस, चूक माझीच ना?

नाही गं. तुझ्या पत्रात काकांचा चष्मासुद्धा आहे, पण शेजारच्या बेडवरच्या पेशंटबद्दल पुढे एक ओळही नाही. तू त्याच्यासाठीच धावली होतीस! त्या महिन्यात नागपूर जिल्ह्यात एकेका दिवशी सात हजारांवर नवे रुग्ण सापडत होते, बेडसाठी नातेवाईक शहरभर फिरत होते. पीपीई किटमध्ये, अपुऱ्या माणसांत एका सिस्टरला एकाच बेडजवळ उभं राहता येत होतं. माणसं कमी होती, त्याचा हिशेब तू एकटीने का द्यायचा?

मार्च 2020 मध्ये लोकांनी थाळ्या वाजवल्या, योद्धे म्हटलं. पुढे तुम्हाला झोप लागते का, हे फार थोड्यांनी विचारलं. मोक्षधाम, गंगाबाई घाट या स्मशानभूमींत राबलेल्यांना, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना, आशाताईंना तर त्याहून कमी. याचा मला अजून राग येतो.

आता गोळ्यांचं. त्या एकदम बंद करू नकोस, त्रास वाढू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांना नाव आणि डोस खरा सांग. ‘स्टाफमध्ये कळेल’ ही भीती मला पटते, म्हणून स्वतःच्या हॉस्पिटलात जाऊ नकोस. नागपुरातच मिहानमध्ये एम्स आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. तेवढंही आज जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, नाइट ड्यूटीनंतरही लागतो. धक्क्यानंतरच्या अशा त्रासावर उपचार आहेत आणि ते उशिरा सुरू केले तरी गुण येतो.

काकांच्या मुलीला शोधून माफी मागू का, असंही विचारलंस. सध्या नको. केसपेपरवरचा नंबर आपण आपल्या मनाच्या ओझ्यासाठी वापरू नये. तिचं दुःख कुठवर आलंय, आपल्याला माहीत नाही.

नवऱ्याला मात्र ती रात्र एकदा सलग सांग. ‘सोड’ म्हणणाऱ्याला काय सोडायचं तेच ठाऊक नसावं, असं मला वाटतं. लेक झोपल्यावर सांग, आणि ओपीडीला त्याला सोबत ने.

तुझी,
मावशी