गुडघ्यावरची काळी पट्टी

प्रश्न : गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आप्पांच्या गुडघ्यावर व्यायामापुरती काळी रबरी पट्टी लावतात, आलेख मोबाईलवर येतो. आत कार्बन नॅनोट्यूब आहेत म्हणे. आप्पांना वाटतं, शॉक बसेल! – एक वाचक, फोंडा

उत्तर : आप्पांना म्हणावं, शॉक बसण्याइतका प्रवाह त्यात नसतोच, कुळागरातल्या पंपाच्या उघड्या वायरीची भीती बाळगा. कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, पट्टीचा काळा रंग त्यांचाच. १९९१ साली जपानचे शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी या नळ्यांची रचना दाखवली आणि संशोधकांची झुंबड उडाली. सिलिकोनसारख्या रबरात या नळ्या एकमेकींना टेकून जाळं करतात. गुडघा वाकला की रबर ताणतं, जाळ्यातल्या काही जोडण्या सुटतात, विद्युतरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. आलेख त्याचाच. धातूची ताणमापक पट्टी थोड्याशा ताणातच तुटते. गुडघ्यावरची कातडी त्याहून कितीतरी जास्त ताणते. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी नॅनोट्यूबची पट्टी २८० टक्क्यांपर्यंतचा ताण मोजते हे दाखवलं, हातमोज्यातही बसवली.

मात्र आकडा ब्रह्मवाक्य मानू नका. रबर पूर्वस्थितीला येताना रेंगाळतं. त्यामुळे एकाच कोनाला पाय वाकवताना एक आकडा, सरळ करताना दुसरा. त्यात तापमानाचा फरक आणि घाम. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका! रोज पट्टी त्याच जागी, कोरड्या कातडीवर लावा, मगच कालच्या आलेखाशी तुलना करा. नळ्या रबरात बंदिस्त असतात, पण पट्टीला चीर गेली तर ती बदलून घ्या. पुरळ आलं तर काढून डॉक्टरांना दाखवा.