विचार करताना मी वर बघते

"मॅडम, अभ्यासाची भीती नाही वाटत. मी विचार करताना वर बघते, त्याची वाटते."

समोर बसलेली मुलगी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ३ आठवड्यांनी तिची डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमची परीक्षा होती. ९० मिनिटांचा पेपर, घरून, कॅमेरा आणि माइक चालू ठेवून द्यायचा. सराव चाचणीत नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून तिला दोनदा सूचना आली होती, 'कृपया स्क्रीनकडे पाहा.' दुसऱ्या सूचनेनंतर तिच्या हातून एक ओळही लिहून झाली नाही. "पुढचा सगळा वेळ मी नुसता चेहरा सांभाळत बसले," ती म्हणाली.

अशी काळजी घेऊन येणारे विद्यार्थी मला वरचेवर भेटतात, आणि घरचे लोक त्यांना एकच सांगतात: तू काही चुकीचं करत नाहीस ना, मग घाबरतेस कशाला? हे खरं असलं तरी उपयोगाचं नाही. डायक्स्ट्राच्या अल्गोरिदमचा (सर्वांत कमी अंतराची वाट शोधायच्या पद्धतीचा) ड्राय रन करताना, म्हणजे तो हातानं पायरीपायरीनं सोडवून बघताना, कुठल्या नोडचं (वाटेवरच्या बिंदूचं) अंतर पक्कं झालं, कुठलं अजून बदलू शकतं, हे सगळं डोक्यात एकाच वेळी धरून ठेवावं लागतं. डोक्यातली ही जागा मुळात लहान असते. त्यातच 'माझे डोळे आत्ता कुठे आहेत?' हा प्रश्न येऊन बसला, की आकडे सांडतात. ती निर्दोष होती, तरी तिचे आकडे सांडत होते.

म्हणून 'नजर हलवू नकोस' असं मी तिला सांगितलं नाही. अवघड प्रश्नाचं उत्तर शोधताना माणूस समोरून नजर काढतो, आणि त्यानं आठवायला मदतच होते, असं मानसशास्त्रज्ञ आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रयोगांतून दाखवलं आहे. ती वर बघत होती ती विचार करण्यासाठीच. यंत्राला नजर वळलेली दिसते, ती का वळली हे त्याला कळत नाही. ही या व्यवस्थेतली उणीव आहे, मुलीची नाही, हे मी तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं. ते ऐकून ती रडली. आम्ही थोडा वेळ तसंच बसलो.

मग एक कागद घेतला आणि तिच्या मनातले प्रश्न तिच्याच अक्षरात उतरवले. फ्लॅग (सॉफ्टवेअरची संशयाची खूण) लागला म्हणजे पेपर रद्द का? रफ कागद चालतो का? ड्राय रन करताना मी पुटपुटते, ते चालेल का? मध्येच नेट गेलं तर? कुणी चुकून खोलीत आलं तर? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तिच्याकडेही नव्हतं. पण विषय शिकवणाऱ्या सरांकडे सगळी असणार होती. तिथंच बसून तिनं सरांना मेल लिहिला. "सर म्हणतील, ही आधीच एवढं का विचारते आहे?" असं म्हणत ती पाठवायच्या बटणापाशी बराच वेळ अडली होती.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दोन कोरे कागद चालतील, सुरुवातीला दोन्ही बाजू कॅमेऱ्याला दाखवायच्या. ओठ हलले तर हरकत नाही, मोठ्यानं बोलू नये. फ्लॅग लागलेला भाग माणूस बघतो आणि निर्णयही माणूसच घेतो. नेट गेलं तर पुन्हा लॉगिन करायचं आणि किती वाजता गेलं, किती वाजता आलं, ते कळवायचं. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, त्यामुळे हे तुमच्याकडेही असंच असेल असं धरू नका. विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. कुणाला नजर स्थिर ठेवणं शरीरामुळेच जमत नसेल, किंवा मध्ये उठावंच लागत असेल, तर सवलतीसाठी कित्येक दिवस आधी अर्ज करावा.

यंत्राची तयारी तिची तीच करू शकत होती. त्याच लॅपटॉपवर, त्याच खोलीत सिस्टिम चेक करायचा, दुसरा मॉनिटर काढायचा, स्क्रीन रेकॉर्ड करणारी सॉफ्टवेअर्स बंद करायची, अपडेट आधीच उरकायचे, फोनचा हॉटस्पॉट चालतो का ते बघून ठेवायचं.

खरं काम सरावाचं होतं. फोन समोर उभा करायचा, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि पेपर सोडवायचा. आधी २० मिनिटं, मग ४५, मग पूर्ण ९०. वर बघावंसं वाटलं की खाली कागदाकडे बघायचं, आणि आकडे डोक्यात धरण्याऐवजी तक्त्यात लिहायचे. पहिल्या दिवशी ती १२ मिनिटांत उठली. चौथ्या दिवशी ४५ मिनिटं बसली.

या सरावात आणखी एक गोष्ट वर आली, आणि ती सांगताना मला जपून बोलावं लागलं. साध्या एडिटरमध्ये, ऑटोकम्प्लीटशिवाय, कम्पाइल न करता लिहायला बसल्यावर तिचा बायनरी सर्च (क्रमानं लावलेल्या यादीत दर वेळी निम्मा भाग वगळत शोधणं) दर वेळी त्याच जागी अडखळे: खालची आणि वरची सीमा एक झाली की थांबायचं, की अजून एक फेरी घ्यायची? रिकर्शनमध्ये, म्हणजे फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं तिथं, बेस केस (थांबायची अट) राहून जाई. लिहिलेला कोड वाचला की तिला सगळं समजायचं, पण कोऱ्या पानावर उतरत नव्हतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलं होतं, की कुणी बघत असताना अंगवळणी पडलेलं काम सुधारतं आणि कच्चं काम बिघडतं. तिची कॅमेऱ्याची भीती खोटी नव्हती, पण तिच्यामागे हा कच्चेपणा झाकला गेला होता. तिनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे यातलं थोडं तरी माझ्या हातात आहे."

उरलेले दिवस नोट्स पुन्हा वाचणं बंद. रोज कोऱ्या कागदावर एक फंक्शन आठवून लिहायचं, हातानं ड्राय रन करायचा, आणि मगच कम्प्युटरवर चालवून बघायचं. रिकामी यादी, एकच घटक, यादीत नसलेला आकडा, या तीन इनपुटवर ते टिकतं का हे तपासायचं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात वाचून लगेच चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. हे मी तिला मुद्दाम सांगितलं, कारण आठवून लिहिताना पहिले काही दिवस आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं, आणि नेमकी तिथंच मुलं सोडून देतात.

परीक्षेच्या संध्याकाळी तिचा मेसेज आला. तिसऱ्या प्रश्नाला नेट गेलं, ४ मिनिटांनी परत आलं, वेळ कागदावर टिपून सरांना कळवली. एकदा सूचनाही आली. हॅश टेबलचा प्रश्न अर्धाच झाला. शेवटी लिहिलं होतं, "झाडाचा (ट्री या डेटा स्ट्रक्चरचा) प्रश्न लिहिताना कॅमेरा आहे हे विसरले होते. नंतर एकदम आठवलं, पण तोवर बेस केस लिहून झाला होता."