मिस्टर म्हणतात मला त्रास नाही, मी गोळ्या कशाला घेऊ?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, मी खानापूर तालुक्यातली, वय 26. लग्नाला 3 वर्षं झाली, दिवस राहत नाहीत म्हणून बेळगावात तपासणी केली तर क्लॅमिडिया निघाला. डॉक्टरांनी दोघांनाही डॉक्सीसायक्लिन दिलंय पण मिस्टर म्हणतात मला काय त्रास नाही, तूच घे. सासूबाईंना कळलं तर आळ माझ्यावरच येणार. मला मूल होईल का ओ?

उत्तर: ताई, आधी ते आळबिळ मनातून काढून टाका. क्लॅमिडिया हा संबंधातून पसरणारा जंतू, तो कित्येक महिने अंगात गुपचूप राहू शकतो, त्यामुळे कुणाकडून कुणाला आला हे रिपोर्ट बघून कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. आणि तुमचा रिपोर्ट सासूबाईंना दाखवायची काहीच गरज नाही.

मिस्टरांना त्रास नसेल हे खरं, पण साधारण निम्म्या पुरुषांना आणि 10 पैकी 7 बायकांना काहीच जाणवत नाही, ना जळजळ ना पांढरं जाणं, आणि तोवर बायकांमध्ये जंतू वर गर्भनळ्यांपर्यंत चढू शकतो, सूज येते, नळी आतून चिकटू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2020 साली जगात क्लॅमिडियाच्या 12.9 कोटी नवीन लागणी झाल्या. आपल्याकडं सरकारी दवाखान्यात लक्षणं बघून औषधाचं किट देतात, मग ज्यांना लक्षणंच नाहीत त्या बायका राहूनच जातात, मला याचं फार वाईट वाटतं.

गोळ्या दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या, 100 मिलिग्रॅमची सकाळ-संध्याकाळ 7 दिवस, भरपूर पाण्यासोबत, गिळून लगेच आडवं व्हायचं नाही. दिवस राहिल्याची शंका असेल तर आधी टेस्ट करा, गरोदरपणात औषध वेगळं असतं. कोर्स संपेपर्यंत संबंध नकोत. तुम्ही एकट्याच घेतल्या तर त्यांच्याकडून परत तेच होऊ शकतं. मिस्टर ऐकेनात तर त्यांना घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकात, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात जा, फुकट असतं, गुप्त ठेवतात, नाहीतर 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर त्यांनाच बोलू दे, तिथं गुप्तरोगांबद्दलही सांगतात. मेडिकलमधून मनानं दोन-चार गोळ्या आणून थांबू नका. 3 महिन्यांनी परत तपासणी करा.

मूल होऊ शकतं ओ. इन्फेक्शन गेल्यावर नळ्यांचा एक्स-रे काढतील, एक नळी मोकळी असली तरी दिवस राहू शकतात, दोन्ही बंद असतील तर टेस्ट ट्यूबचा मार्ग आहे. फक्त पाळी चुकली की लवकर सोनोग्राफी करा, गर्भ नळीतच अडकला नाही ना हे बघायला.